नवे बांधलेले इंजिन पुन्हा का बसते?

आमचे दाजी उल्हासनगरात राहतात आणि मारुती ओम्नीने शाळेच्या मुलांची ने-आण करतात. २०१७ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी गाडीचे इंजिन पूर्ण बांधून घेतले. गाडी निळा धूर सोडत होती, आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर तेल पीत होती आणि चढाला दम टाकत होती. शाळेला सुट्टी म्हणजे गाडीलाही सुट्टी, तेव्हाच काम उरकून घ्यावे असा त्यांचा हिशेब. पतपेढीतून २५,००० रुपये उचलले. गॅरेजवाल्याने पाच दिवस सांगितले होते आणि खरोखरच पाच दिवसांत गाडी हातात दिली. आवाज मऊ, धूर बंद. ताईने शेजारीपाजारी पेढे वाटले.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी अंबरनाथहून परत येताना सीटखालून ठक्-ठक् असा आवाज येऊ लागला. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखालीच असते, त्यामुळे तो आवाज नुसता कानावर पडत नाही, अंगात शिरतो. घर दोन किलोमीटरवर राहिले होते म्हणून दाजींनी गाडी तशीच रेटली. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झाले. गाडी बांधल्यापासून चाळीस किलोमीटरसुद्धा चालली नव्हती. रात्री ताईने एकेका मुलाच्या घरी फोन करून ‘उद्यापासून गाडी नाही’ असे सांगितले, तेव्हा तिचा आवाज कापत होता. महिन्याचे भाडे बुडणार आणि पतपेढीचा हप्ता मात्र थांबणार नाही, हे तिला ठाऊक होते. गॅरेजवाला म्हणाला, “पार्ट डुप्लिकेट निघाले, त्याला मी काय करू?”

पार्ट डुप्लिकेट नव्हते. हे आम्हाला कळले ते शेजारच्या चाळीत राहणाऱ्या एका मिस्त्रीकाकांमुळे. एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले ते गृहस्थ. त्यांनी ते इंजिन आमच्यादेखत खोलले. चेंबर खाली घेतला, कनेक्टिंग रॉडच्या कॅप सोडल्या आणि आतले बेअरिंगचे शेल काढून दाजींच्या तळहातावर ठेवले. “नखाने खरवडून बघ,” म्हणाले. चकचकीत असायला हवा तो शेल रेघारेघांनी भरला होता आणि मऊ धातूत काळे बारीक कण रुतून बसले होते. “हा पार्ट कंपनीचाच आहे. माप पण बरोबर आहे. यात घाण गेली, म्हणून मेला. लेथवरची घाण.”

त्यानंतर चार दिवस मी संध्याकाळी त्यांच्यापाशी जाऊन बसत असे. मी मेकॅनिक नाही. पण आपल्या वस्त्यांत कितीतरी घरे एका गाडीवर उभी आहेत: कोणाची टॅक्सी, कोणाची शाळेची व्हॅन, कोणाचा भाजीचा टेम्पो. गाडीचे इंजिन बांधायचे म्हणजे घरातील एखादे लग्नकार्य काढण्याइतका खर्च. तो खर्च केल्यावर इंजिन पुन्हा का बसते आणि ते कसे टाळता येते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे, म्हणून हे लिहितो आहे.

मिस्त्रीकाकांचे म्हणणे एका वाक्यात असे की, जुने इंजिन झिजून मरते आणि नवे बांधलेले इंजिन मरते ते बांधणाऱ्याच्या घाईने. घाण राहते, नाहीतर पहिल्या मिनिटाला तेल पोहोचत नाही. बाकीची कारणे त्याच्या मागून येतात.

हे समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात काय चालते ते थोडे पाहावे लागेल. क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो असे आपण म्हणतो, पण चांगल्या इंजिनात धातूला धातू लागतच नाही. दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या तेलावर तरंगत फिरतो. ही जागा किती असते? छोट्या गाडीत साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर. माणसाचा केस सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे केसाहूनही कमी. क्रँक घासणाऱ्या दगडाचा कण पोलादाहून कठीण असतो. तो एवढ्याशा जागेत शिरला की तेलाचा थर फाडतो, शेलमध्ये रुततो आणि तिथे बसून फिरत्या शाफ्टला कानशीसारखा खात राहतो. शेल तापतो, जागा वाढते, तेलाचा दाब पडतो आणि मग ती ठक्-ठक् सुरू होते. हा आवाज आला की इंजिन त्या क्षणी बंद करायचे. घर दोन किलोमीटरवर असो की दोनशे पावलांवर. दाजींनी तिथेच गाडी बंद केली असती तर शेलवर भागले असते. रेटल्यामुळे क्रँक पुन्हा घासावा लागला आणि एक रॉड बदलावा लागला.

पण आधी एक प्रश्न. इंजिन खोलायची गरज होती का? निळा धूर म्हणजे इंजिन गेले, असे सरसकट समजले जाते आणि गॅरेजवाल्यालाही ते सोयीचे असते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे एवढेच. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना भसकन धूर येतो आणि मग थांबतो, असे असेल तर बहुधा वॉल्वचे सील कडक झालेले असतात; ते काम हेडपुरते असते. चालताना, विशेषतः जोर देताना, सतत निळा धूर येत असेल तर रिंगा आणि सिलिंडर यांचा संशय घ्यावा. खात्री करण्याची साधी रीत आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजायचे. जे सिलिंडर कमी दाखवील त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. आकडा चांगला चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने तेवढ्यापुरती फट भरली. चढला नाही तर वॉल्व किंवा हेड गॅस्केट पाहावे. अर्ध्या तासाचे हे काम. ते न करता ‘फुल इंजिन करावे लागेल’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणावी असे माझे मत आहे.

आता खोलण्याविषयी. खोलतानाही इंजिन बिघडते, हे मला नव्याने कळले. आजच्या बहुतेक गाड्यांचे हेड अॅल्युमिनियमचे असते. गरम इंजिनाचे हेड बोल्ट ढिले केले तर हेड वाकते. म्हणून इंजिन पूर्ण गार झाल्यावर बोल्ट सोडायचे, तेही बाहेरच्या टोकांपासून आत, थोडे थोडे करून. बसवताना उलट, मधून बाहेर. हेड वाकले आहे की नाही हे त्यावर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून, खाली फीलर गेजची पाती सरकवून बघतात. कित्येक छोट्या इंजिनांना ०.०५ मिलिमीटरहून अधिक वाक चालत नाही. वाक अधिक असेल तर हेडला फेस मारून घ्यावा लागतो. नाहीतर नवे गॅस्केट महिन्याभरात फुटते आणि पाणी तेलात उतरते.

दुसरे म्हणजे कॅपांची अदलाबदल. क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप कारखान्यात ब्लॉकला बसवूनच एका रेषेत कोरलेल्या असतात. दिसायला साऱ्या एकसारख्या, पण प्रत्येकीची जागा आणि दिशा ठरलेली. रॉडच्या कॅपचेही तसेच. पहिली दुसऱ्या जागी गेली किंवा उलटी बसली तर भोक गोल राहत नाही आणि शाफ्ट जाम होतो. म्हणून सोडण्याआधी खुणा करायच्या. मिस्त्रीकाका प्रत्येक जोडी वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवत आणि डब्यावर नंबर टाकत. दाजींचे इंजिन पहिल्यांदा खुलले तेव्हा सगळे नट-बोल्ट एकाच घमेल्यात रॉकेलमध्ये पडलेले मी स्वतः पाहिले होते. त्या वेळी त्याचा अर्थ कळला नव्हता.

गॅस्केटचा चिकटलेला भाग काढण्यासाठी पुष्कळ ठिकाणी पॉलिश पेपर किंवा मशीनवर फिरणारी खरखरीत चकती वापरतात. ती लवकर साफ करते, पण तिची भुकटी तेलाच्या आणि पाण्याच्या भोकांत उतरते आणि तिथून बेअरिंगमध्ये जाते. गॅस्केट प्लास्टिकच्या किंवा बोथट पट्टीने, हळूहळू, भोके कपड्याने बंद करून खरवडावे. वेळ जातो. जाऊ द्यावा.

आता लेथचे काम. झिजलेले सिलिंडर मोठे करतात, त्याला बोअर मारणे म्हणतात, आणि त्यात त्या मापाचे मोठे पिस्टन घालतात: पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर वाढीव असे. यात एक नियम असा की आधी पिस्टन विकत घ्यायचे, ते लेथवाल्याकडे द्यायचे आणि प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करून घ्यायचा. आधी बोअर मारून मग दुकानात पिस्टन शोधू नये. बोअरनंतर होनिंग करतात. म्हणजे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात, त्यांत तेल धरून राहते आणि नव्या रिंगा बसतात. या रेघांतच होनिंगच्या दगडाची भुकटी आणि लोखंडाचा चुरा अडकून राहतो.

इथेच दाजींचे इंजिन मेले. लेथवाल्याने ब्लॉक रॉकेलने धुऊन, हवा मारून दिला. गॅरेजच्या पोऱ्याने वरून कपडा फिरवला. दिसायला स्वच्छ. पण रॉकेल किंवा पेट्रोल तेलकटपणा काढते, रेघांत रुतलेली भुकटी काढत नाही. त्यासाठी गरम पाणी, साबण आणि ब्रश हवा. धुण्याच्या पावडरचा दाट फेस करून सिलिंडरच्या भिंती घासायच्या, अगदी भांड्यासारख्या, दोनदा-तीनदा. तेलाच्या गल्ल्यांत लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश घालायचा. मग स्वच्छ पाणी, मग हवा. शेवटी पांढरा सुती कपडा तेलात भिजवून भिंतीवर फिरवायचा. कपड्यावर करडा डाग आला तर पुन्हा धुवायचे. कपडा पांढरा निघेपर्यंत थांबायचे नाही. आणि धुतल्या धुतल्या तेल लावायचे, कारण उघड्या लोखंडाला बघता बघता गंज धरतो.

मी हे ताईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग यात नवल काय? पाटा टाकवून आणला की पहिलं वाटण आपण टाकूनच देतो की. त्यात खडा येतो.” मिस्त्रीकाकांना हे इतके आवडले की ते त्यांच्या हेल्परला आता तेच सांगतात.

क्रँकशाफ्टचेही असेच. तो घासून घेतला की त्याच्या तेलाच्या भोकांत चुरा बसतो. ही भोके शाफ्टच्या पोटातून तिरपी जातात, एका तोंडाने पाहिले तर दुसरे दिसत नाही. त्यांतून तार-ब्रश आरपार घालून, धुऊन, दोन्ही बाजूंनी हवा मारली पाहिजे. इंजिन आधी जाम झालेले असेल तर आणखी काळजी घ्यावी लागते: फुटलेल्या बेअरिंगचा चुरा तेलपंपात, चेंबरच्या जाळीत आणि गल्ल्यांत पसरलेला असतो. नवे शेल घालून जुना तेलपंप तसाच ठेवला तर तोच चुरा पहिल्या मिनिटाला नव्या शेलमध्ये येतो. दाजींच्या दुसऱ्या वेळच्या कामात काकांनी तेलपंप खोलला तेव्हा त्याच्या गिअरवर ओरखडे होते. पंप बदलला.

बांधणी सुरू झाली तेव्हा काका घाई करत नव्हते. पण त्यांच्या काही सवयी मी टिपून ठेवल्या. प्रत्येक रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये सरळ उतरवून तिच्या दोन टोकांतील फट फीलर गेजने मोजायची. फट नसेल तर रिंग तापून फुगते, टोके एकमेकांना भिडतात आणि ती सिलिंडर खरवडते किंवा तुटते. रिंगेवर जी खूण असते ती बाजू वर. पिस्टनवरचा बाण कंपनीने सांगितलेल्या दिशेला. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ द्यायच्या नाहीत. पिस्टन वरून उतरवताना रॉडचे बोल्ट क्रँकच्या चकचकीत भागावर आपटून त्याला खोक पाडतात, म्हणून ते बोल्टांवर रबरी नळीचे दोन तुकडे चढवत. दोन रुपयांची नळी, पण क्रँक वाचतो. आणि प्रत्येक पिस्टन बसला की शाफ्ट हाताने फिरवून बघायचा. अडकला तर तिथेच थांबून कारण शोधायचे, पुढचा घालायचा नाही. सगळे बसवून मग ‘टाइट आहे, चालून चालून मोकळे होईल’ म्हणणारे लोक आहेत. तसे ते मोकळे होत नाही.

बोल्ट आवळण्याबद्दल वाद होतो. जुने मिस्त्री हाताच्या अंदाजाने आवळतात आणि त्यांचा हात खरोखर तयार असतो. पण हेडचे आणि बेअरिंगचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे, तीन-चार टप्प्यांत आणि क्रमानेच आवळले पाहिजेत, असे हा चाळीस वर्षे अनुभव असलेला माणूस सांगतो. काही गाड्यांत हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते ताणले जातात. तिथे जुने बोल्ट पुन्हा घालायचे नसतात. आणखी एक बारीक गोष्ट. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत धुतलेले पाणी किंवा तेल साचलेले असेल, तर बोल्ट आवळताना ते दबत नाही आणि ब्लॉकलाच तडा जातो. भोके हवेने कोरडी करून घ्यावीत.

सिलिकॉनचा मारा हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. गळू नये म्हणून चेंबरच्या कडेला भरभरून सिलिकॉन लावतात. बाहेर जेवढे पिळून आलेले दिसते तेवढेच आतही आलेले असते. ते तुटून तेलात पडते आणि तेलपंपाच्या जाळीवर जाऊन बसते. जाळी बुजली की इंजिन भर तेलात उपाशी मरते. बारीक, अखंड रेघ पुरते.

आणि कपडे. इंजिनची भोके कपड्याने बंद करावीत हे खरे, पण किती कपडे कोंबले ते मोजून ठेवावे. डॉक्टर पोट शिवण्याआधी गॉज मोजतात, त्याचे कारण हेच.

टायमिंग बेल्ट खुणा जुळवून चढवल्यावर लगेच चावी मारू नये. क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहावे. कित्येक इंजिनांत बेल्ट काही दाते चुकला तर वॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात. हाताने फिरवताना अडले तर आपण थांबू शकतो, स्टार्टर थांबत नाही.

यानंतर पहिली चावी. गॅरेजमध्ये हा मोठ्या आनंदाचा क्षण असतो, लोक जमतात, कोणी नारळ आणतो. पण हेच पहिले मिनिट सर्वांत धोक्याचे. नव्या इंजिनाच्या गल्ल्या कोरड्या असतात, तेलपंप कोरडा असतो, फिल्टर रिकामा असतो. इंजिन सुरू झाले की तेल वर पोहोचायला जे काही सेकंद लागतात तेवढ्या वेळात शाफ्ट कोरडा फिरतो. म्हणून जोडतानाच बेअरिंगला तेल लावलेले हवे, तेलपंप तेलाने भरलेला हवा, आणि फिल्टर उभा बसत असेल तर तोही भरून लावावा. मग सर्व प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशनचे कनेक्शन तोडून, स्टार्टरने थोडे थोडे थांबून फिरवावे. प्लग नसल्यामुळे दाब तयार होत नाही, इंजिन हलके फिरते आणि बेअरिंगवर भार पडत नाही. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत असे करायचे. दिवा विझला म्हणजे तेल पोहोचले. त्यानंतरच प्लग बसवून इंजिन सुरू करायचे. सुरू केल्यावर दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद.

पाण्याचेही तसेच. रेडिएटर वरपर्यंत भरला तरी हेडमध्ये हवेचा बुडबुडा अडकतो, तिथे पाणी पोहोचत नाही आणि नवे हेड पहिल्याच दिवशी तापून वाकते. हवा काढून, पाणी उतरले की पुन्हा भरून, पंखा चालू होतो की नाही हे पाहून मगच गाडी गॅरेजबाहेर काढावी. इंजिन मुळात तापून गेले असेल तर जुना बुजलेला रेडिएटर तसाच लावणे म्हणजे जुना रोग नव्या अंगात घालणे. आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आहे, ‘इंजिन थंड राहते’ म्हणून. सतत थंड चालणारे इंजिन तेल घट्ट ठेवते, पेट्रोल अधिक खाते आणि लवकर झिजते. थर्मोस्टॅट नवा बसवावा.

पहिले हजार किलोमीटर गाडी नव्या सुनेसारखी वागवावी असे पूर्वी म्हणत. सुनेला सदा तसेच वागवावे, गाडीला मात्र हजार किलोमीटर पुरे. फार भार नको, इंजिन किंचाळेल असा वेग नको, आणि तासन्‌तास एकाच वेगाने किंवा उभ्या-उभ्या चालू ठेवणेही नको. थोडा जोर, थोडी उसंत, अशी चालली की रिंगा सिलिंडरला बसतात. पहिले तेल आणि फिल्टर लवकर बदलावे. काका पाचशे किलोमीटरला बदलायला लावतात. त्या तेलात नव्या भागांचा चुरा उतरलेला असतो. ते तेल पातळ कपड्यातून गाळून पाहावे. चमकणारी बारीक धूळ चालते. बोटाला टोचणारे कण आले तर चालवणे थांबवून इंजिन खोलावे.

कल्याण-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातील लोकांसाठी इथे पाण्याची गोष्ट सांगायला हवी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, इकडे उल्हास नदी घरांत शिरली आणि गाड्या बुडाल्या. पण कित्येक इंजिने पुरात मेली नाहीत, पाणी ओसरल्यावर मालकाने ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी मारली तेव्हा मेली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी इंजिन तरीही चालू होते आणि तो वाकलेला रॉड महिन्याभराने तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. बुडालेली गाडी ढकलून किंवा ओढून न्यावी. प्लग काढून, हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, दुधाच्या चहासारखे झालेले तेल आणि फिल्टर बदलावे, एअर फिल्टर आणि नळ्या कोरड्या कराव्यात, आणि मग पुढचे.

आपण मेकॅनिक नसलो तरी काही गोष्टी मागण्याचा आपला हक्क आहे. काम देण्याआधी कोणते भाग बदलणार याचा कागद मागावा. जुने भाग परत मागावे; शेलच्या मागच्या बाजूला माप छापलेले असते, जुन्या-नव्याचे जुळवून पाहता येते. नवे भाग सीलबंद डब्यात आलेले आपल्यासमोर उघडायला सांगावे. ब्लॉक लेथवरून आल्यावर तो धुताना आपण हजर राहणार असे आधीच सांगून ठेवावे. चांगला मिस्त्री यावर रागावत नाही. ब्लॉकच बदलला तर इंजिन नंबर बदलतो आणि त्याची नोंद आर.टी.ओ.कडे आर.सी.वर करून घ्यावी लागते, हे विसरू नये. अपघात झाला तर विमा कंपनी तोच नंबर तपासते. आणि पक्के बिल घ्यावे. दाजींकडे फक्त एका चिठ्ठीवर लिहिलेला आकडा होता. त्या चिठ्ठीवर गॅरेजचे नावही नव्हते, त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जायचा विचार आम्ही दुसऱ्याच दिवशी सोडून दिला.

दुसऱ्यांदा १९,००० रुपये गेले. ताईने गळ्यातील एक डाग मोडला. मुलांपैकी निम्मी दुसऱ्या गाडीला लागली होती, ती जूनपर्यंत परत आली नाहीत. काकांनी मजुरी अर्धीच घेतली आणि एक अट घातली: ब्लॉक ताईनेच धुवायचा. तिने दारातल्या मोरीवर बसून, तीन बादल्या गरम पाणी घेऊन, तो धुतला आणि चौथ्यांदा कपडा पांढरा निघाला. तेव्हापासून तिच्याकडे एक वही आहे. पहिल्या पानावर बोअरचे माप, पिस्टनचे माप, शेलचे माप. पुढे दर रविवारी गाडीचे किलोमीटर, डिपस्टिकवरची तेलाची पातळी, पाणी किती घातले. पाचशे किलोमीटरच्या ओळीपुढे तिच्या अक्षरात लिहिले आहे: ‘तेल बदलले. कपड्यातून गाळले. टोचणारे काही नाही.’